रागिणी अजून खांबावरच

वरूड,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रतीक्षाताई,

हे पत्र मी दिवाळीपासून टाळून राहिलो. खोटं कशाला सांगू. आधी म्हटलं पेन नाही. पेन मिळाला तर म्हटलं टेकायला जागा नाही. आज संत्र्याच्या क्रेटवर क्रेट ठेवून टेबल झालं तेव्हा बहाणेच संपले. फोनची आशा सोड. तो इथल्या धुण्याच्या हौदात पडला, संत्र्यांसोबत चकाचक धुऊन निघाला आणि गेला. तसंही तूच म्हणत होती, कुंद्या, तुझे व्हॉइस मेसेज ऐकता ऐकता दुकानातली फुलं सुकतात, काय ते कागदावर लिही. तर घे.

आधी अमरावतीचं सांगतो. तू दिलेला 'खांबावरची रागिणी' या तुझ्या कॉमिकच्या प्रतींचा गठ्ठा घेऊन मी राजापेठेत नितेशच्या खोलीवर गेलो. तिथं शनिवारी कॉमिक्सवाले पोट्टे जमतात. नितेश माझा दोस्त असला तरी त्याच्या कपाटाला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवावे लागतात. एकेक कॉमिक प्लास्टिकच्या पिशवीत. सगळी मोठ्या कंपनीची, अन् त्यातही अर्धं कपाट त्या विद्युतेशचं, जो हातातून वीज सोडतो आणि ज्याचा निळा झगा घरातसुद्धा वाऱ्यावर उडत राहतो.

मी सांगितलं, बहिणीनं स्वतः लिहिलं, स्वतः काढलं. रागिणी नावाची लाईनवाली पोरगी आहे, अंगात शक्ती-बिक्ती काही नाही, खांबावर चढते, तार जोडते, गावाशी भांडते.

पहिला सवाल, "कोणत्या कंपनीचं आहे?"

म्या म्हटलं, "कंपनी नाही, अकोल्याची जठारपेठ आहे."

सगळे हसले. नितेश म्हणे, "आमचा माणूस हातातून वीज सोडते. तुमची बाई फ्यूज बदलते. सांग, कोणाले पाहू मी?"

म्या म्हटलं, "तुह्या माणसानं वीज सोडली अन् गावाची डीपी जळली, तं मंग कोण येते बे?"

त्यावरही हसले, पण घेतलं कोणी नाही. तिथं खुशी नावाची एक पोरगी होती, ती मोठ्या कंपनीचं काहीच वाचत नाही, फक्त एकट्यानं हातानं काढलेलं, तिच्या भाषेत 'इंडी', तेच वाचते, बंगळुरूहून मागवते. म्हटलं ही आपली. तिनं दोन पानं चाळली आणि म्हणे, "छान आहे, पण इंडी म्हणजे कसं, थोडं उदास पाहिजे. हिच्यात फार भांडण आहे." आता घे. एकाले झगा नाही म्हणून नको, दुसरीले दुःख नाही म्हणून नको.

मग मी अचलपूरला गेलो. कावून गेलो ते विचारू नको, बस उभी होती आणि खिडकीची जागा रिकामी होती. तिथं एका दुकानात मांज्याला काच कशी लावतात ते पाहण्यात दिवस गेला. फार भारी काम आहे, पुढं कधी सांगीन. तिथून वरूडला आलो, खुशालराव यांच्या संत्र्याच्या वाडीवर क्रेट उचलायचं काम मिळालं, आणि आता मूळ गोष्टीवर येतो, कारण क्रेट टोचून राहिला आणि पानही संपून राहिलं.

ताई, तू कागद न दुमडता सपाटच सोबत दिले होते. 'तिकडं गेल्यावर दुमड आणि मधोमध पिना मार' असं बजावलं होतं. मी पिना मारल्या नव्हत्या. उद्या मारू म्हटलं. गठ्ठा वाडीवर कोपऱ्यात ठेवला आणि जेवायला गेलो. इथं क्रेटात संत्री ठेवण्याआधी खाली छापखान्याची रद्दी अंथरतात. आलो तर माल भरणाऱ्या वच्छलाबाई तुझी रागिणी क्रेटाक्रेटात अंथरून मोकळ्या झाल्या होत्या.

मी ओरडलो, "बाई, हे काय केलं! पुस्तक होतं ते!"

"कावून ओरडतं रे? कोरी करकरीत रद्दी दिसली, म्या वापरली. पिना नाही, शिवण नाही. याले पुस्तक म्हनते का कोनी?"

ट्रक तोवर निघून गेला होता. मधला एक कागद तेवढा वाचला, कारण भाकर खायला मी तोच अंथरून बसलो होतो.

शिव्या द्यायच्या तेवढ्या दे. पण पत्रातच दे.

तुझा,
कुंदन


जठारपेठ, अकोला
१७ नोव्हेंबर

चि. कुंदन,

'चि.' लिहिलं ते हाताच्या सवयीनं. तू चिरंजीव व्हावास अशी इच्छा आज या घरात कोणाची नाही. बाबांची पण नाही, आणि ते तुझे सख्खे मामा आहेत.

मांज्याला काच कशी लावतात ते पाहायला दिवस होता, आणि पिना मारायला हात नव्हते?

तुला कळतंय तरी का काय झालं ते? पुस्तकाच्या एका कागदावर सलग पानं नसतात. सगळ्यात बाहेरच्या कागदावर पहिली दोन पानं आणि शेवटची दोन. ज्याच्या क्रेटात तो गेला, त्याला रागिणी अंगणात चहा पिताना दिसेल आणि लगेच खांबावर लटकलेली दिसेल. ज्याला मधला मिळेल त्याला ती सरपंचाशी भांडताना दिसेल, कशावरून ते कळणार नाही. वर्षभर बसून काढलेली गोष्ट संत्र्याखाली तुकडे तुकडे होऊन गेली, आणि तू मला खुशीला उदास पाहिजे ते सांगतोस. तिला इकडे पाठव, मी दाखवते उदास.

आता तुला न सांगितलेलं सांगते. हैदराबादच्या ज्या कंपनीचा तुझा तो विद्युतेश आहे, तिथून मला बोलावणं आलंय. रंग भरायचं काम. सुरुवातीला नुसता त्याचा झगा, म्हणजे झग्याच्या चुण्या. माणसं चांगली आहेत, बोलली पण नीट, आणि काम शिकायला मिळेल हे मलाही कळतं. पण अट अशी की तिथं असेपर्यंत स्वतःचं काही छापायचं नाही. माझं उत्तर दोन डिसेंबरपर्यंत टपालात पडायला हवंय.

बाबा झेंडू निवडता निवडता म्हणाले, "जाय म्हनत नाही, नको जाऊ पन म्हनत नाही. मले एवढंच सांग, तुहं हे वाचते कोन?"

मी मनात मोजून पाहिलं. मावशीनं वाचलं, काकूनं वाचलं, गल्लीतल्या सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांना मस्त वाटलं. कुंद्या, मस्त म्हणणारा माणूस पुढचा अंक मागत नाही. काकूनं तर 'मस्त' म्हणून त्याच्यावर गरम पातेलं ठेवलं.

म्हणून मी ठरवलं होतं. मला एक वाचक पाहिजे. नात्यातला नाही, ओळखीतला नाही. त्यानं आपणहून विचारायला पाहिजे की पुढे काय झालं. एवढं झालं तर हैदराबादला नकार कळवीन आणि दुसरा अंक काढीन. नाहीतर रागिणी पहिल्या अंकाच्या शेवटी आहे तशीच राहील, खांबावर, हात तारेला, आणि खाली सबस्टेशनात कोणाचा तरी हात स्विचकडे जाताना. मी तिकडं बसून झगा निळा करीन.

तो वाचक शोधायला मी तुला पाठवलं होतं. तुला! माझीच अक्कल पाहा.

प्रतीक्षा


अमरावती,
२१ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी पहिल्या बसनं वरूडहून अमरावतीला आलो, रस्त्यात कुठंच उतरलो नाही. मोर्शीला भजे तळून राहिले होते, तरी नाही. यावरून समज.

वाचलेला कागद घेऊन थेट नितेशकडं गेलो. भाकरीचा तेलकट डाग मधोमध, पण सरपंचाचं भांडण पूर्ण दिसतं. तो आंघोळीला गेला तेव्हा कागद गुपचूप त्याच्या कपाटावर ठेवला आणि मी झोपल्यासारखं केलं. आता ऐक, मला लिहिता लिहिता हसू येऊन राहिलं.

नितेश आला. कागद उचलला. हात न धुता! उभ्यानं पाहिला. मग बसला. मग उलटा केला. मग मला लात मारून उठवलं, "अबे, मंग ते पोरगी सरपंचाचं कनेक्शन कापते का नाही?"

म्या म्हटलं, "तू तं वाचत नाही ना हे?"

"वाचून कोण राहिलं? पाहून राहिलो."

"मंग पाह्य."

"अबे पण कापते का नाही? त्याच्या वावरातला आकडा त्या पोरीनं पाह्यला आहे, मंग ते गप कावून आहे?"

ताई, त्यानं आकडा ओळखला! तारेवर टाकलेला तो चोरीचा आकडा तू एवढासा काढला, कोपऱ्यात, कडुलिंबाच्या मागं. रात्रभर वाद चालला. नितेशचे काका वीज मंडळातून रिटायर झालेले, म्हणून तो म्हणे लेखी तक्रार लागते, मी म्हणे ती आधी कापेल आणि मग लिहील.

तू म्हणशील हा ओळखीतला, हा धरायचा नाही. नको धरू. पण मला एक गोष्ट कळली ती सांगू दे, पुन्हा विसरून जाईन. मला विद्युतेश आवडतो. शाळा सुटली, घरी कोणी बोलत नव्हतं, तेव्हा त्याच्याच पुस्तकांवर दिवस काढले मी. पण मागच्या महिन्यात विद्युतेश मेला, आणि नितेश ते पान वाचत वाचत पोहे खात होता. कारण त्याले माहीत आहे, कंपनी त्याले मरू देत नाही, दोन अंकांनी उठून बसते. रागिणीचं तसं सांगता येत नाही. तिच्यामागं कोणी नाही, एक तू आहे, आणि तुझ्या मनात काय चाललं असते ते आजवर मामालेही समजलं नाही. म्हणून नितेशचे पोहे थंड झाले. हा फरक आहे. आता याले इंडी म्हणतात का अजून काही, ते खुशीला विचार.

अजून एक. खुशालरावले विचारून ठेवलं. तो ट्रक रायपूरला गेला. रायपूर केवढं मोठं शहर आहे! शेवटच्या पानावर तुझा पत्ता आहेच. पाह्यजो तू, रायपूरहून पत्र येते का नाही.

कुंदन

ता. क. नितेश विचारून राहिला, बाकीचे कागद झेरॉक्स करून देशील का. प्लास्टिकची पिशवी तो स्वतःची लावतो म्हणे.


अकोला
२६ नोव्हेंबर

कुंदन,

रायपूरहून पत्र आलं. वा! तू म्हणालास आणि आलं.

पोस्टकार्ड आहे. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे तुझं तुला वाचता येईल:

'प्रतीक्षाबाईले नमस्कार. संत्र्याच्या पेटीत कागद भेटला. पोरगी चहा पेते अन् एकदम खांबावर लटकते, हे कसं काय? मधातलं कुठी गेलं? अन् खाली बटन कोन दाबून राहिलं? ते वाचली का नाही? लवकर कळवा. घरी जेवन गोड लागून नाही राहिलं. – शकुन, फळबाजार, रायपूर.'

आता मला सांग. रायपूरची बाई मराठीत लिहिते, ते सोड. पण 'मधातलं'? 'कुठी'? हे रायपूरचं आहे की वरूडच्या वाडीवरचं? अक्षर तुझं नाही, मान्य. वच्छलाबाईंच्या मुलीकडून लिहून घेतलं असशील. शिक्का रायपूरचा आहे, तर ट्रकवाल्याच्या हाती दिलं असशील, तिथं पेटीत टाक म्हणून. तुझ्या डोक्याला पिना मारणं सुचत नाही, हे मात्र बरोबर सुचतं.

पोस्टमननं कार्ड दिलं तेव्हा मी दुकानात उड्या मारल्या रे. खरंच मारल्या. बाबांच्या अंगावर झेंडूची टोपली उलटली. 'आलं, बाबा, आलं' असं मी रस्त्यावर ओरडले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, 'पाह्यजो तू', आणि तिथंच खाली बसले.

मला बरं वाटावं म्हणून केलंस, हे समजतं. पण मला बरं वाटायला नको होतं, मला खरं पाहिजे होतं. शनिवारी हैदराबादला होकार लिहिते.

नितेशला सांग, झेरॉक्स देईन. आठवण म्हणून ठेव म्हणावं.

प्रतीक्षा


वरूड, खुशालराव यांची वाडी
२९ नोव्हेंबर

ताई, ताई, ताई,

मी नाही लिहिलं! तुझी शपथ, मामाची शपथ, विद्युतेशची शपथ. अगं, 'घरी जेवन गोड लागून नाही राहिलं' हे मला सुचलं असतं, तर मीच कॉमिक काढलं असतं ना!

तुझं पत्र अमरावतीहून फिरून इथं आलं म्हणून उशीर झाला. वाचलं आणि वाडीभर धावलो. वच्छलाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणे, "मंग? वाचली का ते पोरगी?" आता त्याही विचारून राहिल्या. मी म्हटलं, तुमीच तं क्रेटाक्रेटात वाटली! तर म्हणे, "म्या वाटली म्हनून तं रायपूरले गेली. तू पिना मारून बसला असता तं तुह्या पिशवीतच राह्यली असती."

नवा फोन अजून नाही. दुसऱ्याच्या फोनवरून मामाला लावला, तर माझा आवाज ओळखून त्यांनी ठेवून दिला. ते बरोबरच आहेत म्हणा.

म्हणून सरळ सांगतो. दोन पावलांवरच रायपूरचा ट्रक उभा आहे, माल भरला आहे, आणि मी वर चढून राहिलो. फळबाजारात शकुन नावाची बाई शोधतो, तिला तुझ्याशी फोनवर बोलायला लावतो, नाहीतर घेऊनच येतो. हे पत्र खुशालरावचा माणूस अकोल्याला संत्री घेऊन येतो त्याच्या हाती देतो आहे. होकार धाडू नको. धाडलाच असेल तर टपालपेटीत हात घाल.

ड्रायव्हर हॉर्न वाजवते आहे. त्याच्या गाडीवर मागं काय सुंदर मोर काढला आहे, तू पाहायला पाहिजे, पिसाऱ्यात एकेक डोळा वेगळ्या…

कुंदन


अकोला
१ डिसेंबर, रविवार

कुंदन,

हे पत्र कुठं पाठवायचं मला माहीत नाही. तू रायपूरला, आणि तिथं तुझा पत्ता म्हणजे मोर काढलेला ट्रक. खुशालरावांच्या वाडीवरच टाकते.

सकाळी तुझी चिठ्ठी मिळाली. माझा होकार तोवर लिहून, सही करून, पाकिटात घालून तयार होता. उद्या धाडायचा. तुझ्या शपथा वाचल्या. विद्युतेशची शपथ वाचून हसूही आलं. पण खरं सांगू, विश्वास नाही बसला. मी बाबांना म्हटलं, हा पोरगा आता तिथून कोणातरी बाईला शकुन म्हणून उभी करेल. बाबा एवढंच म्हणाले, पाकीट मलेच दे, सकाळी मी टाकतो. मी दिलं.

दुपारी मी मागं बसून हार ओवत होते. पुढं दुकानात कोणी म्हातारी बाई आलेली ऐकू आली. बाबांनी विचारलं, "हार पाहिजे का बाई?"

"हार शेगावलेच घेतला, महाराजाले घालून पन आली. मले तुमच्या घरची लाईनवाली पाहिजे."

"लाईनवाली? आमच्या घरी कोनी नाही बाई मंडळात."

"असं कसं नाही? कागदावर पत्ता हाच आहे नं?"

कुंद्या, मी उठले तर मांडीवरचे सगळे हार खाली गेले. बाहेर एक उंच, वाळकी बाई उभी, नाकात मोरणी, काखेत पिशवी. पिशवीतून तिनं माझा बाहेरचा कागद काढला. बहुतेक गादीखाली दाबून सपाट केलेला. अजून संत्र्याचा वास येत होता त्याला.

नाव पार्बताबाई. शकुन ही यांची सून. माहेर मोर्शीजवळचं, लग्न होऊन रायपूरला गेल्या त्याला किती वर्षं झाली त्यांनाही आठवत नाही, पण भाषा अजून मोर्शीचीच. मी कार्डावरून किती हुशारी केली होती, आठव.

मी म्हटलं, "कार्ड शकुननं लिहिलं ना?"

"लिवलं तिनं, सांगतलं म्या. मले वाचता येत नाही. चित्र पाह्यले म्या. सून म्हने, जाऊ द्या आत्याबाई, कागद आहे. म्या म्हटलं, कागद कसा? पोरगी लटकून राहिली नं वर!" मग उत्तर आलं नाही म्हणून शेगावच्या दर्शनाच्या गाडीतून त्या एकट्या अकोल्याला उतरल्या आणि विचारत विचारत जठारपेठेत आल्या.

तरी मी विचारलंच. माझा स्वभाव. "तुम्ही कुंदनला ओळखता का?"

"कोन कुंदन?" त्यांनी कागद उलटापालटा केला. "बटनाजवळचा हात याचाच आहे का?"

बाबा असे हसले की त्यांना भिंत धरावी लागली.

मी मधले सगळे कागद आणून दिले. त्या दुकानातच टोपलीवर बसल्या आणि बोट ठेवून ठेवून एकेक चौकट पाहिली. सरपंचाचा आकडा त्यांनाही सापडला. मध्येच म्हणाल्या, हिनं कमरेले पट्टा बांधला नाही, हे चुकलं. मग शेवटच्या पानावर आल्या, हात खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"मंग? वाचली का?"

मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही."

"ठरवलं नाही म्हनजे? पोरीले तशी वर टांगून तू इथी हार ओवून राहिली?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून ते पाकीट काढलं. मला वाटलं फाडतात. फाडलं नाही, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुहं तू पाह्य. म्या विचारलं होतं कोन वाचते, मले भेटलं उत्तर." पाकीट आता माझ्या हाताखाली आहे, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी खांबाचं पहिलं कच्चं चित्र काढलंय, कारण जवळ दुसरा कागद नव्हता. उद्या हैदराबादला दुसरं पत्र जाईल, दोन ओळींचं.

तू तिकडं फळबाजारात शकुनला शोधत असशील. सापडली तर सांग, तुमच्या सासूबाई आमच्याकडं सुखरूप आहेत, आज जात नाहीत. त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या आहेत, चहा नको म्हणतात, आणि मी पत्र कावून लिहून राहिली, चित्र कावून काढून राहिली नाही, असं विचारत आहेत.

प्रतीक्षा